करडईचं तेल आणि लाल औषध

परभणीत कुठल्याही लाकडी घाण्यावर अर्धा तास बसा, तेलाबरोबर दुखण्याची चौकशी करणारं एखादं तरी गिऱ्हाईक येतंच. गुडघ्याला कोणतं तेल, शुगरला कोणतं, बाळंतिणीला कोणतं. अलीकडे या यादीत केमोची भर पडली आहे. ‘पेशंटच्या हार्टला जपायला कोणतं द्यावं?’ हा प्रश्न हवेतून आलेला नाही. डॉक्सोरुबिसिन नावाचं लालभडक औषध स्तनाच्या कर्करोगापासून लिम्फोमापर्यंत अनेक ठिकाणी वापरतात. ते गाठ मारतं आणि काही जणांच्या हृदयाचा स्नायूही दुबळा करतं. कलौंजी, जवस, ऑलिव्ह अशा तेलांनी उंदरांची हृदयं या औषधापासून बऱ्यापैकी वाचली, असं सांगणारे शोधनिबंधही खरोखर आहेत. ते मोबाईलवर फिरता फिरता त्यांतले उंदीर गळून पडतात, तेल तेवढं उरतं.

पुढचा संवाद मी बेतलेला आहे. मामा कृषी खात्यातून निवृत्त झालेले, आता लाकडी घाणा चालवतात. भाची फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. मामांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे भाचीच्या मावशीला, स्तनाचा कर्करोग निघाला आहे. छत्रपती संभाजीनगरला लाल औषधाची पहिली सायकल झाली, तीन राहिल्यात. मी बहुतेक वेळ भाचीच्या बाजूचा आहे. पण मामांना उत्तर देताना ती जिथं अडखळली, तिथं मी तिला सावरायला गेलेलो नाही.

मामा: आक्कासाठी पाच लिटरचा डबा काढून ठेवलाय. करडई, ह्याच आठवड्यात गाळलेली. जाताना घेऊन जा. अन् ही लहान बाटली जवसाची. रोज सकाळी दोन चमचे, उपाशीपोटी.

भाची: डबा नेते मामा. बाटली राहू द्या.

मामा: कामून? डबा चालतो अन् बाटली चालत नाही, हे कुठलं शास्त्र?

भाची: डब्यातलं तेल फोडणीत जाणार. मावशी जन्मभर करडईच खात आली, तिला त्याचं काही नवं नाही. बाटलीतलं तुम्ही औषध म्हणून देताय. औषध म्हटलं की ते कशावर, किती, कधी आणि दुसऱ्या औषधाशी त्याचं जमतं का, हे विचारावं लागतं.

मामा: विचार की. करडईबद्दल तर मला विचारच. आपलं कृषी विद्यापीठ १९७२ ला निघालं. ‘परभणी कुसुम’ हा वाण इथला, गावाचं नाव घेऊन गेलेला. बांधाबांधानं फिरून मी त्याचं बी वाटलंय. रब्बी ज्वारीत करडईचे पाटे टाकायचे, काट्यामुळं जनावर आत शिरत नव्हतं. कोवळी असताना भाजी, पिकल्यावर तेल, पेंड जनावराला. काढणी पहाटे, दव असतं तोवर. हाताला फडकी गुंडाळायची. ऊन वर आलं की काटा कडक होतो अन् मजूर काम सोडून बांधावर येऊन बसतात. त्याच काट्यापायी लोकांनी करडई सोडली अन् सोयाबीन धरलं. पुढं पीबीएनएस-४० आला बिनकाट्याचा, पण तोवर लोकांची सवय मोडली होती.

भाची: आणि तेल हृदयाला चांगलं, हे कोणी सांगितलं?

मामा: सगळेच सांगतात. करडईच्या तेलात शंभरात पंच्याहत्तर भाग लिनोलिक आम्ल असतं, कोलेस्टेरॉल उतरवतं. ई जीवनसत्त्व भरपूर. कंपन्या बाटलीवर हृदयाचं चित्र उगाच काढतात का?

भाची: कोलेस्टेरॉल उतरवतं, हे खरं. पण सिडनीला १९६६ ते १९७३ मध्ये नेमकं करडईचंच तेल घेऊन प्रयोग झाला होता. हृदयविकाराचा त्रास होऊन गेलेले ४५८ पुरुष. निम्म्यांना तूप-लोणी-चरबीच्या जागी करडईचं तेल आणि त्याचंच मार्जरीन. कोलेस्टेरॉल उतरलं. पुढं २०१३ मध्ये जुनी माहिती पुन्हा बाहेर काढून नीट मांडली, तर करडई खाणाऱ्यांपैकी १७.६ टक्के दगावले होते आणि दुसऱ्या गटातले ११.८ टक्के.

मामा: (जरा वेळ गप्प राहून) मार्जरीन म्हणजे गोठवलेलं तेल. ते अन् घाण्याचं एक कसं?

भाची: एक नाहीच. त्या मार्जरीनवरून वाद आहे, आणि ती माणसं आधीच आजारी होती. करडई विषारी आहे असं मी म्हणतच नाही, मीही तेच खाते. एवढंच म्हणते, की कोलेस्टेरॉल उतरलं म्हणून माणूस वाचेलच, हे आपण गृहीत धरलं होतं आणि तसं झालं नाही. बाटलीवरचं चित्र त्या गृहीतावर उभं आहे.

सिडनीच्या प्रयोगात केमोचा काही संबंध नव्हता. मी तो इथं येऊ दिला, कारण ‘हृदयाला चांगलं’ हे दोन शब्द आपण फार सैल वापरतो. रक्तवाहिनीत चरबी साचून येणारा झटका वेगळा आणि औषधानं हृदयाचा स्नायूच थकवणं वेगळं. पहिल्यावर जे चालतं ते दुसऱ्यावर चालेल, याची हमी नाही.

मामा: बरं, मग हे लाल औषध हृदयाचं करतं काय? सोप्यात सांग.

भाची: हृदयाच्या पेशी सहसा नव्यानं तयार होत नाहीत. गेलेली पेशी गेली, उरलेल्यांवर भार. औषधाचा हिशोब साठत जातो. आज दिलेलं, तीन आठवड्यांनी दिलेलं, सगळं एकाच खात्यावर. अंगाच्या पृष्ठफळाच्या एका चौरस मीटरमागं एकूण ४०० मिलिग्रॅम झालं की शंभरात साधारण पाच जणांना हार्ट फेल्युअर, ५५० झालं की सव्वीस जणांना, ७०० झालं की जवळजवळ निम्म्यांना. जुन्या रुग्णांची माहिती एकत्र करून २००३ मध्ये हे आकडे मांडले गेले. म्हणून डॉक्टर साडेचारशे-साडेपाचशेच्या आत थांबतात. मावशीच्या चार सायकली म्हणजे ६० गुणिले ४, २४० होतील. ती मर्यादेच्या बरीच आत आहे.

मामा: म्हणजे धोका नाहीच?

भाची: कमी आहे. नाही असं कोणी म्हणणार नाही. बीपी असेल, वय जास्त असेल, छातीच्या डाव्या बाजूला शेक दिला असेल, तर वाढतो. कधी कधी वर्षांनी कळतं. लहानपणी हे औषध घेतलेल्या मुलांच्या हृदयाची तपासणी म्हणूनच मोठेपणीही चालू ठेवतात.

मामा: अन् हे सगळं गंजामुळं होतं ना? मी वाचलंय. औषधातून लोहाच्या संगतीनं फ्री रॅडिकल सुटतात, चरबी जळते. अन् ई जीवनसत्त्व गंज थांबवतं. मह्या करडईत ई आहे. झालं की!

भाची: हाच विचार करून लोकांनी करून पाहिलंय मामा. १९७७ मध्ये अमेरिकेत मायर्स आणि सहकाऱ्यांनी उंदरांना ई जीवनसत्त्व देऊन मग हे औषध दिलं. हृदयं वाचली. त्यांनी गाठीवरचा असरही पाहिला होता, तो कमी झालेला दिसला नाही. ‘सायन्स’ मासिकात छापून आलं. सगळ्यांना वाटलं, सुटला प्रश्न. मग माणसांना दिलं, भरपूर मात्रेत. १९८२ मध्ये निकाल आला. माणसाचं हृदय वाचलं नाही.

मामा: मात्रा कमी पडली असंल.

भाची: माणसांना ग्रॅमनं दिलं होतं. तुमच्या करडईच्या शंभर ग्रॅम तेलात ई असतं ३४-३५ मिलिग्रॅमच्या घरात. एक ग्रॅम मिळवायला मावशीला दिवसाला जवळजवळ तीन किलो तेल प्यावं लागेल.

मामा: (हसून) तीन किलो तेल तर मह्या घाण्यातनं तासाभरात नाही निघत.

भाची: आणि गंज ही अर्धीच गोष्ट निघाली. २०१२ मध्ये ह्यूस्टनच्या एका प्रयोगशाळेनं दाखवलं, की हृदयाच्या पेशीत डीएनएचा पीळ सोडवणारं एक विकर असतं, टोपोआयसोमरेझ टू-बीटा. औषध त्याला पकडतं आणि डीएनए तुटतो. ज्या उंदरांच्या हृदयातून ते विकरच काढून टाकलं होतं, त्यांना औषधानं फारसं काही केलं नाही. गंज त्याच्या पाठोपाठ येतो. मागून येणाऱ्याला अडवून पुढचा थांबत नाही.

इथं मामांनी चहा सांगितला. घाण्याचा लाकडी मुसळा कुरकुरत फिरत होता, खालच्या नळीतून तेलाची बारीक धार पातेल्यात पडत होती. घाण्याचं तेल आधी गढूळ दिसतं. दोन-तीन दिवस डब्यात ठेवलं की गाळ बसतो आणि वर निवळ पिवळं तेल उरतं. नंतर ते कसं ठेवलं, यावर सगळं अवलंबून. करडईच्या तेलातलं लिनोलिक आम्ल हवेशी आणि उजेडाशी लवकर बिघडतं. मे महिन्यात परभणीचा पारा ४३-४४ च्या पुढं जातो. पारदर्शक बाटली खिडकीत ठेवली तर महिन्याभरात खवट वास येतो, म्हणजे तेल स्वतःच ऑक्सिडाइज झालं. गंज थांबवायला म्हणून दिलेलं तेल आधीच गंजलेलं, असा प्रकार कितीतरी घरांत होत असेल. जवसाचं तर त्याहून लवकर बिघडतं. हा मुद्दा भाचीनं काढला तेव्हा मामा उखडले: ‘मी उन्हात ठेवत नाही. पत्र्याचा डबा, अंधारात, वर गाळल्याची तारीख.’ खरं आहे, ते तसंच ठेवतात. मोबाईलवरच्या निरोपात मात्र तारीख, डबा, अंधार यातलं काहीच नसतं.

मामा: करडईचं राहू दे. जवसाचं बोल. त्यात ओमेगा-३ असतं, तेही खोटं का?

भाची: खोटं नाही. कॅनडात विनिपेगला उंदरांना जवस खाऊ घातला, लाल औषध आणि ट्रास्टुझुमॅब हे कर्करोगावरचं दुसरं औषध, अशी दोन्ही दिली, तर हृदय बरंच टिकलं. २०२० चं काम आहे ते. पण त्याआधी, २०१२ मध्ये, ऑस्ट्रेलियात मेंढ्यांवर पाहिलं होतं. ओमेगा-३ दिलेल्या मेंढ्यांचं हृदय या औषधानं न दिलेल्यांपेक्षा जास्त बिघडलं.

मामा: मेंढ्या! धनगराच्या मेंढ्या अन् आपल्या आक्काचं काय नातं?

भाची: मेंढीचं हृदय आकारानं आणि ठोक्यानं उंदरापेक्षा माणसाच्या जवळ जातं.

मामा: थांब, थांब. मेंढ्यांना ओमेगा-३ कशातलं दिलं होतं?

भाची: माशाच्या तेलातलं.

मामा: अन् मह्यं जवसाचं! दोन्हीतलं ओमेगा-३ एक असतं का?

भाची: नसतं. जवसातलं छोट्या साखळीचं, माशातलं लांब साखळीचं. शरीर पहिल्याचं दुसऱ्यात फार थोडं बदलतं. हा मुद्दा तुमचा. मेंढीवरून जवसाला दोष देता येणार नाही.

मामा: मग?

भाची: मग उंदरावरून जवसाला श्रेयही देता येणार नाही.

हा डाव बरोबरीत सुटला असं मी धरतो. यानंतर भाचीनं जे सांगितलं ते मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकं तेच कुठल्या निरोपात येत नाही.

भाची: मामा, या तेलाच्या प्रयोगांत उंदीर कसे असतात, माहितीये? तरुण, धडधाकट. औषध दोन आठवड्यांत पाच-सहा इंजेक्शनांतून देतात. तेल त्याच्या आधीपासून सुरू. तीन-चार आठवड्यांत उंदीर मारून हृदय कापून पाहतात. आणि बहुतेक प्रयोगांत त्या उंदरांना कॅन्सर नसतोच.

मामा: नसतो?

भाची: नसतो. हृदय वाचतं का एवढाच प्रश्न विचारलेला असतो, म्हणून एवढंच उत्तर येतं. मावशीला ते औषध हृदयासाठी नाही देत, गाठीसाठी देतात. तेलानं हृदयाची पेशी वाचवली तर त्याच तेलानं गाठीची पेशीही वाचवली नसेल कशावरून? लाल औषध गाठीला मारतं त्यात डीएनए तोडणं असतं, गंजही असतो. ढाल दोघांच्याही हातात गेली तर?

मामा: हे तुह्या मनातलं की कुणी पाहिलंय?

भाची: तेलाचं नाही, पण गंजरोधक गोळ्यांचं पाहिलंय. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या १,१३४ बायकांना विचारलं होतं, केमोच्या आधी आणि चालू असताना काय काय गोळ्या घेतल्या. केमोत हेच लाल औषध होतं. २०२० मध्ये निष्कर्ष आला. ए, सी, ई, कॅरोटिनॉइड, क्यू-१० अशा गोळ्या आधीही आणि केमोतही घेणाऱ्यांत आजार उलटण्याचं प्रमाण सुमारे ४१ टक्के जास्त दिसलं.

मामा: बाप रे.

भाची: आकडा काठावरचा आहे, योगायोगही असू शकतो. शेवटी त्या बायकांनी आपल्या मनानं गोळ्या घेतल्या होत्या. पण दिशा आपल्या सोयीची नाही. म्हणून मी बाटली ठेवा म्हणते.

मामा: तुमच्या औषधाचा एवढा भरवसा कामून? ते कारखान्यातलं रसायन, हे शेतातलं.

भाची: ते लाल औषध मातीतलंच आहे मामा. दक्षिण इटलीत एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत स्ट्रेप्टोमायसिस जातीचा जंतू सापडला, त्यानं हा लाल रंग तयार केला. जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला ‘एड्रियामायसिन’ म्हटलं. आणि लिम्फोमाच्या केमोत याच लाल औषधासोबत जे व्हिन्क्रिस्टिन देतात, ते तुमच्या दारातल्या सदाफुलीतून निघतं. शेतातलं म्हणून सौम्य, असं काही नसतं. सदाफुलीचा रस काढून कुणी पेशंटला पाजला तर तुम्हीच ओरडाल.

मामा: ओरडीन. (पुन्हा खुर्ची ओढत) पण आता मह्यं ऐक. तू म्हणते माणसांवर प्रयोग नाही. कामून नाही? कोलेस्टेरॉलच्या गोळीवर झाला का नाही?

भाची: झाला. ॲटोरव्हास्टॅटिन. २०२३ मध्ये लिम्फोमाच्या ३०० रुग्णांवर. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना खोटी गोळी, वर्षभर. खोटी गोळी घेणाऱ्यांत हृदयाची ताकद लक्षणीय घटलेले २२ टक्के, खरी घेणाऱ्यांत ९ टक्के.

मामा: मग ती दे की आक्काला!

भाची: त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या प्रयोगात, ज्यात बहुतेक स्तनाच्या कर्करोगाच्या बायका होत्या, त्याच गोळीनं काही फरक पडला नव्हता. त्यांच्या औषधाची एकूण मात्रा कमी असते, म्हणून असेल. ठरवायचं ते डॉक्टरांनी.

मामा: म्हणजे गोळीचंही कधी हो, कधी नाही. तरी तिला दोन-दोन प्रयोग मिळाले. मह्या करडईला एकही नाही. कारण करडईचं पेटंट कोणाला मिळणार? परभणीच्या शेतकऱ्याला? अन् मग तुम्हीच म्हणता, पुरावा नाही. पुरावा काढायलाच कोणी पैसा लावला नाही तर यायचा कुठून? तू म्हणते पुरावा नाही, अन् लोक ऐकतात की तेल फुसकं आहे. दोन्ही एकच आहे का?

भाची: (जरा थांबून) एक नाही.

मामा: नाही ना?

भाची: नाही. आणि तुम्ही म्हणता ते ॲटोरव्हास्टॅटिनला तंतोतंत लागूही पडत नाही, कारण त्याचं पेटंट कधीच संपलंय, तरी प्रयोग झाले. पण साध्या तेलावर असा प्रयोग करायला कोणी पैसा काढणार नाही, हे मला मान्य आहे.

इथं भाचीकडं चांगलं उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडंही नाही. शेतमालाच्या संशोधनात वाण, उतारा, मावा, यांत्रिक काढणी यांवर वर्षानुवर्षं काम होतं. ते तेल खाणाऱ्या माणसाचं काय होतं, हे पाहायचं काम मात्र कृषी विद्यापीठाचं नाही, आणि रुग्णालयांना त्यांची स्वतःची घाई असते. मामांची तक्रार त्या मोकळ्या जागेबद्दल आहे आणि ती रास्त आहे. पण त्या जागेत अंदाजानं बाटली ठेवली, की ती जागा भरत नाही.

भाची: आता तुम्हाला एक गंमत सांगते. तेलबियांतून निघालेल्या एका पदार्थानं या औषधापासून हृदय खरंच वाचवलंय. माणसाचं.

मामा: करडई?

भाची: सोयाबीन.

मामा: जा बाई!

भाची: सोया तेल शुद्ध करताना जो चिकट भाग वेगळा निघतो ना, लेसिथिन, त्यातला फॉस्फोलिपिड घेऊन त्याचे सूक्ष्म फुगे करतात. केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाएवढे. लाल औषध त्यात कोंडून शिरेत सोडायचं. हृदयाच्या केशवाहिन्या घट्ट विणीच्या, त्यांतून तो फुगा सहजी बाहेर पडत नाही. गाठीच्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, भोकं पडलेल्या, तिथून तो झिरपतो. अमेरिकेत १९९५ मध्ये त्याला परवानगी मिळाली. २०१२ मध्ये तिथं त्याचा तुटवडा पडला तेव्हा आपल्या सन फार्माचं ‘लिपोडॉक्स’ मागवावं लागलं होतं.

मामा: म्हणजे ज्या सोयाबीननं मह्या करडईला शेतातनं हाकललं, त्यानं दवाखान्यातही नंबर लावला!

भाची: पण पाहा, त्यानं हृदयाला काही खाऊ घातलं नाही. औषधाला हृदयाकडं जाऊच दिलं नाही. गाठीला मात्र जाऊ दिलं. दोन्ही प्रश्न एकदम सोडवले.

मामा: मग आक्काला तेच का देत नाहीत?

भाची: सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कर्करोगात सहसा साधंच वापरतात, मर्यादेच्या आत बसतं आणि बरं करायला तेच नीट तपासलेलं आहे. फुग्यातलं महाग, आणि त्याचे स्वतःचे त्रास आहेत, हातापायाचे तळवे लाल होऊन सोलतात. डेक्सराझोक्सेन नावाचं हृदयरक्षक इंजेक्शनही आहे, १९९५ पासूनच. तेही मुख्यतः जास्त मात्रा लागणाऱ्यांना देतात.

मामा: म्हणजे आक्कासाठी आपल्या हातात काहीच नाही, असंच ना? दर तीन आठवड्यांनी पोरगा तिला घेऊन जातो, येतो. आम्ही इथं बसून काय करायचं? एक बाटली देतो तर तू तीही काढून घेते.

हा प्रश्न तेलाचा नाही, हे भाचीला कळलं असावं, कारण तिनं या वेळी आकडा सांगितला नाही. तिनं मामांच्या बिलबुकातलं एक कोरं पान फाडून घेतलं.

भाची: हातात आहे. लिहा. पहिलं, मावशीचं बीपी घरी मोजायचं, वहीत तारखेसकट मांडायचं. बीपी आटोक्यात ठेवणं हे हृदयासाठी कुठल्याही तेलापेक्षा मोठं काम आहे. दुसरं, टू-डी एको. पहिला झालाय का?

मामा: झालाय म्हणे. कागद पाहिला नाही.

भाची: तो कागद पाहिजे. त्यावर ‘ईएफ’ म्हणून टक्का असतो, तो इथं लिहा. पुढचा एको झाला की त्याच्याशेजारी लिहायचा. पाय सुजले, जिना चढताना धाप लागली, रात्री आडवं झाल्यावर दम कोंडला, तर पुढच्या सायकलची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी फोन. रोज थोडं चालणं, डॉक्टर हो म्हणाले तर. आणि मावशी जे जे खाते-पिते, चूर्ण, काढा, गोळी, तेल, सगळं डॉक्टरांना सांगायचं. रागावतील म्हणून लपवायचं नाही.

मामा: करडई लिहू का यात?

भाची: फोडणीची करडई लिहायची गरज नाही. कोणी बाटली दिली असेल तर लिहा.

मामा: बाटली तू राहू दे म्हणाली ना. (थोडं थांबून) अन् समज, कोणी प्रयोग करायचाच म्हटला तर कसा करतील? खरंच विचारतो.

भाची: लाल औषध सुरू होणाऱ्या दोन-तीनशे बायका घ्यायच्या. निम्म्यांना करडई, निम्म्यांना दुसरं तेल, आणि कुणाला कोणतं हे त्यांनाही कळू नये, एको करणाऱ्यालाही कळू नये.

मामा: वासावरनं कळंल. करडई नाकाला लगेच कळते.

भाची: मग दुसऱ्यालाही तसाच वास लावावा लागेल. आणि नुसता एको नाही पुरायचा. पाच वर्षं तरी बघायचं, आजार कोणाचा उलटला, कोणाचा नाही. बार्शीला खेडोपाडी फिरून कर्करोगाची नोंद ठेवायचं काम १९८७ पासून चालू आहे, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. म्हणजे आपल्याकडं माणसांचा माग ठेवता येत नाही, असं म्हणायची सोय नाही.

मामा: डबे मी खरेदीच्या भावात देईन.

भाची: आणि मावशीची चिठ्ठी दुसऱ्या तेलाची निघाली तर?

मामा: (बराच वेळानं) आक्काला नाही घालणार मी त्यात.

भाची: बघा.

मामा: बघा काय? मह्यी बहीण आहे ती. दुसऱ्याची असती तर घातली असती, हे म्हणायला लाज वाटते, पण खरं आहे. तू तुह्या आईला घातली असती का?

भाचीनं उत्तर दिलं नाही. पानावर तिनं अजून एक ओळ लिहिली आणि पान मामांकडं सरकवलं.

मामा: हे काय? ‘एकूण मिलिग्रॅम’?

भाची: दर सायकलला लाल औषध किती दिलं, ते डिस्चार्ज कार्डावर असतं. मावशीचं पृष्ठफळ साधारण दीड चौरस मीटर धरा. दीड गुणिले साठ, म्हणजे एका वेळी नव्वद.

मामा: चार वेळा तीनशे साठ.

भाची: हा आकडा जन्मभर जपायचा. देव न करो, पण पुढं कधी पुन्हा केमो लागली, देवगिरी एक्सप्रेसनं दादरला उतरून टाटाला जायची वेळ आली, तर तिथला डॉक्टर आधी हेच विचारील, की आधी किती झालंय. घरात कोणाला माहीत नसतं. कागद सापडत नाहीत.

मामा: पोराला फोन लाव. पहिल्या सायकलचं कार्ड कुठं ठेवलंय ते विचार त्याला. अन् डबा गाडीत ठेव, झाकण घट्ट आहे का बघून.